मोटरवाली कयाक आणि अख्खी फॅमिली: गोव्यात पहिल्यांदा जाताना काय काय बघायचं

मोटर लावलेली कयाक ही फॅमिलीसाठी खरंच भारी गोष्ट आहे, आणि ती स्पीडसाठी नाही. घरात सगळ्यांचे हात सारखे नसतात ना. आमच्याकडे सासूबाई सत्तरीला टेकलेल्या, भाचा बारावीत, मुलगी सहावीत, नवरा दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा, असे सगळे साध्या पॅडलच्या कयाकमध्ये बसवले की पहिली वीस मिनिटं मजा आणि मग खांदे भरून येतात, एक कयाक पुढे पळते, दुसरी मागे राहते, आणि ज्याच्यासाठी एवढं लांब आलो ते खारफुटीतलं शांत पाणी बघायला कुणाचं लक्षच उरत नाही. मोटर असली की हळूहळू, जोडीने, गप्पा मारत जाता येतं. सासूबाई साळ नदीवर नुसत्या बसून होत्या, खंड्या दिसला की बोट दाखवायच्या, आणि परत आल्यावर त्यांचे हात दुखत नव्हते, बस्स, एवढ्यासाठीच मोटर.

बाकी सगळं विसरलात तरी एक गोष्ट धरून ठेवा. मोटर बंद पडली तर वल्हवत परत येता येईल, तेवढंच लांब जायचं. मोटर आहे म्हणून दुप्पट लांब जाणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे, कारण बॅटरी संपते ती नेमकी परतीच्या वाटेवर, वारा सुटल्यावर, मुलं दमल्यावर. म्हणून खाली जे काही लिहिलंय, भरती, वारा, बॅटरी, सामान, ते सगळं याच एका हिशोबात वाचा.

आधी कयाक आणि मोटर समजून घ्या

फॅमिलीसाठी वर बसायची कयाक घ्या, म्हणजे सिट-ऑन-टॉप. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी त्यातून आपोआप निघून जातं, आणि उलटलीच तर माणूस आत अडकत नाही, सरळ पाण्यात पडतो आणि परत चढू शकतो. पाय आत घालून बसायची जी असते ती शिकलेल्यांसाठी, मुलं-म्हातारी माणसं बरोबर असताना नकोच.

मोटर बहुतेक वेळा मागे किंवा बाजूला क्लॅम्पने लावलेली इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर असते, १२ व्होल्टवर चालणारी. ही मुळात अमेरिकेत तळ्यावर मासे धरणाऱ्यांसाठी निघाली, मिन कोटा या कंपनीची पहिली १९३४ ची, आणि म्हणूनच आजही बाजारातल्या बऱ्याच मोटरी गोड्या पाण्यासाठीच बनवलेल्या असतात हे लक्षात ठेवा, आपल्या खाडीत-समुद्रात चालवायची तर खाऱ्या पाण्यासाठीचीच हवी, तिला गंजापासून वाचवायला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो, तो झिजला की बदलायचा. नाहीतर एका सीझनमध्ये मोटर आतून गंजून जाते. मोटरची ताकद पाउंड थ्रस्टमध्ये सांगतात, म्हणजे ती किती जोराने ढकलते त्यात. दोन माणसांच्या कयाकला ३० ते ४५ पाउंड भरपूर झाले, त्याहून मोठी लावून कयाक काही बोटीसारखी पळत नाही, फक्त वजन वाढतं आणि बॅटरी पटापट उतरते. पायाने पेडल मारायच्या कयाकही असतात, त्यात बॅटरीची कटकटच नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांना त्या चालणार नाहीत.

गोव्यात पॅडलच्या कयाक पाळोळ्यापासून नेरूलपर्यंत सहज मिळतात, मोटरवाल्या सगळीकडे नसतात, म्हणून आधी फोन करून विचारूनच निघा आणि बुकिंग करताना समोरच्याला चार गोष्टी नक्की विचारा: बॅटरी कुठली आणि किती अँपिअर-अवरची (म्हणजे तिच्यात किती वीज मावते), चार्ज करून किती वेळ झाला, बरोबर गाईड येणार का, आणि मोटर बंद पडली तर घ्यायला कोण येणार आणि किती वेळात. शेवटच्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ दुसरीकडे जा. एका ठिकाणी आम्हाला हातात दिलेल्या लाइफ जॅकेटचं बकल तुटलेलं होतं, बदलून द्या म्हटलं तर "ताई, इथे पाणी कमरेएवढंच आहे" असं उत्तर आलं. आम्ही तिथून निघालो. असं उत्तर देणाऱ्याच्या भरवशावर पोरं पाण्यात उतरवायची नाहीत, ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल.

स्वतःची मोटर आणि हवा भरायची कयाक घेऊन येणारेही आता दिसतात. त्यांना दोन गोष्टी. विमानाने येणार असाल तर मोटरची बॅटरी विमानात नेता येत नाही, १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेऊ देत नाहीत, आणि कयाकची बॅटरी त्याच्या तीन-चारपट तरी असते. दुसरं, मोटर लागली की ती साधी कयाक राहत नाही, मोटरवाली बोट झाली. गोव्यात बोटींचं रजिस्ट्रेशन आणि लायसन्स पणजीतलं कॅप्टन ऑफ पोर्ट्स ऑफिस बघतं, पाण्यात सोडायच्या आधी तिथे विचारून जे कागद लागतील ते करून घ्या.

बॅटरीचा हिशोब, हा नीट वाचा

१२ व्होल्ट ५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ६०० वॉट-अवर. ३० पाउंडची मोटर फुल थ्रॉटलला साधारण ३० अँपिअर ओढते, म्हणजे ३६० वॉट, म्हणजे दीड तास जेमतेम आणि वर थोडी मिनिटं. तीच मोटर हळू, आठ-दहा अँपिअरवर चालवली तर कागदावर पाच-सहा तास निघतात. आणि गंमत म्हणजे फुलवर कयाक ताशी सहा-सात किलोमीटर जाते आणि हळू चालवली तर चारच्या आसपास, म्हणजे स्पीड दुप्पटही होत नाही पण बॅटरी तीन-चारपट जाते, कारण पाण्यात वेग थोडा वाढवायला ताकद खूप जास्त लागते, पुढचं पाणी ढकलायचं असतं ना. त्यामुळे आमच्याकडे नियम आहे, थ्रॉटल अर्ध्याच्या वर फक्त वाऱ्यात किंवा अडचणीत. भाच्याला पहिल्या दहा मिनिटांत हे पटत नव्हतं.

"मामी, फुल दे ना एकदा, बघूया किती पळते."

"परत येताना पुलाजवळ वारा लागला तर तेव्हा फुल देऊ, आत्ता संपवून ठेवलीस तर तुलाच वल्हवायला लावीन."

मग त्याने मोबाइलवर जीपीएस लावून स्वतःच बघितलं की अर्ध्यावरून फुलवर नेलं तरी आकडा कितीसा वाढतो, आणि गप्प बसला. हे मुलांना करायला देणं चांगलं, आपण सांगून पटत नाही ते आकडा बघून पटतं.

वाटणी अशी करा: जायला तिसरा हिस्सा, यायला तिसरा, आणि एक तिसरा हिस्सा हात न लावता शिल्लक. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर आणखी जपून, ती अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर खराब होते, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्यातले अर्धेच आपले धरायचे. शिवाय १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरएवढं वजन, लिथियम फॉस्फेटची तेवढीच बॅटरी त्याच्या निम्म्याहून कमी. लहान कयाकमध्ये हा फरक लगेच जाणवतो. बॅटरी बंद डब्यात, पट्ट्याने बांधलेली, शक्यतो कयाकच्या मधल्या भागात खाली, आणि बॅटरीजवळच्या वायरवर फ्यूज किंवा ब्रेकर आहे का ते उघडून बघा. लाजायचं नाही, बघायचं.

कयाकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, त्यात माणसं, बॅटरी, मोटर, पाण्याच्या बाटल्या, सगळं धरायचं आणि पाऊण भागाच्या वर जायचंच नाही. मर्यादा २०० किलो असेल तर दोन मोठी माणसं, एक मूल आणि सिलिंडरएवढी बॅटरी हे गणित बसत नाही, मूल दुसऱ्या कयाकमध्ये.

भरती बघितल्याशिवाय वेळ ठरवू नका

गोव्यातल्या बाकी गाइडमध्ये बीचची नावं असतात पण पाण्याची वेळ नसते, आणि खरा खेळ तिथेच आहे. आपल्याकडे दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, मध्ये साधारण सहा तास, रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होतं आणि प्रवाह जोरात असतो, अष्टमीच्या सुमाराला भांग असते, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, तेव्हा मऊ.

कोकणातल्या घराघरात माहीत असलेला हिशोब इथे उपयोगी पडतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशी असेल तर बारा गुणिले पाऊण, नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार. हा अंदाज, पक्क्या वेळेसाठी मुरगावचं टाइड टेबल मोबाइलवर बघा, आणि नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते हेही धरा.

आता हे कयाकसाठी वापरायचं कसं. नदीत-खाडीत जाताना चढत्या पाण्यावर आत जायचं आणि भरती पूर्ण झाली की ओहोटीच्या सुरुवातीच्या संथ पाण्यावर बाहेर यायचं. याचे तीन फायदे. जाताना पाणी ढकलतं आणि येतानाही, बॅटरी जवळजवळ वापरावीच लागत नाही. दुसरं, आत कुठे गाळावर कयाक टेकली तर दहा मिनिटांत वाढतं पाणीच उचलून देतं, पण उतरत्या पाण्यावर टेकली तर तिथेच बसा सहा-आठ तास, कारण खारफुटीतल्या चिखलात उतरून ढकलायला गेलं की गुडघ्यापर्यंत पाय रुततो आणि वर कालवांच्या शिंपल्या ब्लेडसारख्या कापतात. तिसरं, मोटर मेलीच तर परतीला पाणी तुमच्या बाजूला असतं.

म्हणून फॅमिलीसाठी मला एकादशी ते त्रयोदशीची सकाळ सगळ्यात आवडते. सातला उतरायचं, पाणी चढतंय, सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान, तिथीप्रमाणे, भरती पूर्ण होते, तेव्हा मागे फिरायचं, आणि साडेदहाच्या आत काठावर. उधाण अजून पूर्ण जोरात नसतं आणि वाराही सुटलेला नसतो.

वाऱ्याचं पण सांगते. थंडीत आणि उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका असतो, अकरा-बाराच्या पुढे समुद्राकडून जमिनीकडे सुटतो आणि फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. सकाळचा तो हलका वारा फसवा आहे, किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं पण कयाक हळूहळू बाहेर सरकत असते, आणि हवेच्या कयाकला तर तो पटकन उचलून नेतो. म्हणून समुद्रात असाल तर दर पाच मिनिटांनी किनाऱ्यावरची एक खूण बघा, एखादं चर्च, शॅक, माड, आपण तिच्यासमोरच आहोत ना.

इन्कॉइस म्हणून हैदराबादची सरकारी संस्था आहे, ती उंच लाटांचे इशारे देते. आदल्या रात्री तो आणि हवामान खात्याचा अंदाज बघा. इशारा असेल तर त्या दिवशी समुद्र कॅन्सल, कितीही लांबून आला असाल तरी. आणि जून ते सप्टेंबर विषयच नको, १ जूनपासून ६१ दिवस तर यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते, ज्यांचं पोट पाण्यावर आहे ते बोटी वर ओढून ठेवतात तेव्हा आपण हौसेला उतरायचं कारण नाही. ऑक्टोबरचा शेवट ते मे हा आपला सीझन.

कुठे उतरायचं

पहिल्यांदा जात असाल तर नदी, समुद्र नाही. मी साळ नदीचं नाव पहिलं घेते, कावेलोसी-मोबोरच्या बाजूने आत असोळण्याकडे जायचं, दोन्ही बाजूला माड आणि खारफुटी, पाणी रुंद आणि शांत. फक्त उलट्या दिशेला, बेतुलच्या मुखाकडे ओहोटीत जाऊ नका, तिथे नदी समुद्राला मिळते, वाळूचे दांडे आहेत, ट्रॉलर ये-जा करतात आणि उतरतं पाणी बाहेर खेचतं. शापोऱ्याचंही तेच, शिवोलीच्या बाजूला आत छान, मोरजीजवळच्या मुखाशी नाही.

काणकोणात तळपण आणि गालजीबागच्या नद्या आहेत, गर्दी कमी, खारफुटी सुंदर. गालजीबाग, आगोंद, मोरजी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, दोरी लावून कुंपण केलेलं दिसलं की तिथे कयाक ओढून ठेवायची नाही आणि मुलांना सांगायचं का ते.

समुद्र करायचाच असेल तर पाळोळें. दोन्ही बाजूंनी टेकड्या आणि उत्तरेला बेट, त्यामुळे आतलं पाणी बहुतेक सकाळी शांत असतं. उपसागराच्या आतच फिरा. बटरफ्लाय बीचला जायचा मोह सगळ्यांना होतो, पण टेकडी ओलांडून बाहेर गेलं की खडक आणि उघडा समुद्र, तिथे गाईडशिवाय आणि दुसऱ्या बोटीशिवाय फॅमिली न्यायची नाही.

मांडवीच्या मुख्य पात्रात पणजी-बेतीच्या बाजूला उतरूच नका, फेरी, बार्ज, कॅसिनोच्या बोटी, त्यांच्या लाटा बाजूने आल्या की कयाक उलटते. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य बघायचंय तर वनखात्याची परवानगी घेऊन, आणि तिथे मोटर बंद ठेवून वल्हवाल तेवढे पक्षी जास्त दिसतील. पाणमांजरंही आहेत त्या भागात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मात्र कयाक नको, तिथे मगरी आहेत, त्या मोठ्या बोटीतून बघायच्या. फोंड्याकडे बोरी-दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, नदीकाठच्या लोकांनी किती जुन्यापासून हे शेजारपण मानलंय ते मुलांना सांगायला मला फार आवडतं.

अजून एक, मानशीपासून लांब राहा. खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतांच्या, बांधाला जिथे पाणी आत-बाहेर सोडायची दारं असतात तिथे भरती-ओहोटीला पाणी जोरात खेचलं जातं, आणि दारापाशी मासे धरायला जाळं लावलेलं असतं. लांबून बघितलं तर शांत वाटतं, जवळ गेल्यावर कयाक आपोआप वळते.

जॅकेट, मुलं, सासूबाई

जॅकेट घातलं म्हणजे झालं असं नाही. आमच्याकडे काठावरच टेस्ट होते. सासूबाईंनी घातलं, बकलं लावली, मी म्हटलं, "आई, हात वर करा," आणि खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढलं.

"अगो, कानापर्यंत आलं की हे!"

"मग सैल आहे. श्वास सोडा, बाजूचे पट्टे ओढते."

"आता छातीवर आवळतंय."

"थोडं आवळूदे. पाण्यात ते वर सरकलं तर तोंड झाकेल आणि तुम्ही खाली राहाल."

पट्ट्या ओढल्या, परत वर उचललं, हनुवटीच्या खाली राहिलं, मग ठीक. प्रत्येकाचं असं करा. मुलांचं जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं, आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच, मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाला घट्ट बांधून चालत नाही, पाण्यात ते मूल त्यातून खाली निसटतं. प्रत्येक जॅकेटला शिट्टी. तीन वेळा वाजवली म्हणजे मदत हवी, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

साडी, ओढणी, लांब कुर्ता नको, लेगिंग आणि फुल बाह्यांचा पटकन सुकणारा टीशर्ट. जीन्स तर नकोच, भिजली की वर चढता येत नाही. मंगळसूत्र, चेन, अंगठ्या घरी. चष्म्याला मागून दोरी. पायात पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट, चपला पहिल्या मिनिटाला वाहून जातात. टोपी, सनस्क्रीन, माणशी एक लिटर पाणी, आणि आम्ही एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत नेतोच.

बसायला मूल पुढे, मोठं माणूस मागे मोटरपाशी. किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली, म्हणजे तो पडला तर मोटर लगेच थांबते. ही दोरी नसलेली मोटर फॅमिलीला नको. आणि घरात एक कडक नियम, कुणीही पाण्यात असेल तर मोटर बंद, नुसती न्यूट्रल नाही, बंद. प्रोपेलर छोटा असला तरी मुलांच्या बोटांसाठी तो पुरेसा आहे.

काठाजवळची अर्ध्या तासाची प्रॅक्टिस

हे कुणीच करत नाही आणि हेच सगळ्यात कामाचं आहे. छातीएवढ्या पाण्यात, मोटर काढून ठेवून, प्रत्येकाने एकदा मुद्दाम पाण्यात पडायचं आणि परत चढायचं. चढायचं ते कयाकच्या मधोमध बाजूने, टोकाकडून नाही. दोन्ही हात वर टाकायचे, पाय मागे पाण्याच्या वर येईपर्यंत मारायचे, मग पोटावर सरकायचं, पोट मधोमध आलं की कुशीवर वळून बसायचं. उभ्याने स्वतःला ओढायचा प्रयत्न केला तर कयाक अंगावर येते. कयाक उलटी पडली असेल तर तिच्या तळावरून पलीकडची कड धरून स्वतःचं वजन मागे टाकायचं, सरळ होते. मुलं हे दोन मिनिटांत शिकतात. सासूबाई चढू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी तयारी, त्यांच्या कयाकमध्ये गाईड, दुसरी कयाक जवळ, आणि आम्ही नदी ओलांडत नाही, एकाच काठाने जातो, जिथे दहा-पंधरा मीटरवर उभं राहता येईल.

मग मोटर लावून काठाजवळच चालवणं, थांबवणं, वळवणं, मागे घेणं. त्यानंतर मोटर बंद करून, वर उचलून, दहा मिनिटं नुसतं वल्हवून बघा, बॅटरी आणि मोटरचं वजन ठेवून. या दहा मिनिटांत किती अंतर झालं ते बघितलं की किती लांब जायचं ते आपोआप कळतं. वल्ह्याला दोरी बांधलेली असू दे.

पाण्यात असताना

उथळ पाणी आलं की मोटर वर. तळ दिसायला लागला, गढूळ पाण्याचा ढग मागे उठायला लागला की प्रोपेलर गाळात घासतोय. किनाऱ्याला लाटा फुटत असतील तर मोटर वर उचलून, वल्हवत, नाक लाटेला सरळ ठेवून यायचं-जायचं, आडवं व्हायचं नाही.

नदीत बांबूचे खुंट रांगेने दिसले की मध्ये जाळं आहे असंच समजा, आणि तरंगणारी थर्माकोलची किंवा प्लास्टिकची बाटली दिसली की खाली दोरी आहे. लांबून वळा. साळीत एका मच्छीमार काकांनी आम्हाला होडीतूनच हाक मारून थांबवलं होतं, "बाय, थंयच्यान वचूं नाका, जाळें आसा!" म्हणून. त्यांनी हात करून बाजूची वाट दाखवली, आम्ही मोटर बंद करून वल्हवत गेलो. त्यांचं जाळं तुटलं तर त्यांचा दिवस जातो, आपली तर फक्त पिकनिक आहे. कुणी दिसलं की स्पीड कमी करा, विचारून पुढे जा, वाट आणि पाणी दोन्ही त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तरीही प्रोपेलरमध्ये नायलॉन किंवा पिशवी अडकलीच, मोटरचा आवाज जड झाला, तर थ्रॉटल शून्य, किल स्विच काढा, बॅटरीची वायर काढा, मग मोटर वर उचला आणि मगच हात घाला. या क्रमात काहीही गाळायचं नाही. गुंतलेलं उलट्या दिशेने फिरवून निघतं, नाही निघालं तर कापायचं, त्यासाठी छोटी कात्री आधीच जॅकेटच्या खिशात ठेवा. हे होईपर्यंत दुसऱ्याने वल्हवत कयाक काठाकडे ठेवायची.

मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, गळ्यात, आणि चार्ज पूर्ण. ११२ इमर्जन्सी, १०८ ॲम्ब्युलन्स, १५५४ कोस्ट गार्ड, हे नंबर सेव्ह करा. गोव्याच्या मुख्य बीचवर २००८ पासून दृष्टी नावाच्या कंपनीचे लाइफगार्ड असतात, उतरायच्या आधी त्यांना जाऊन सांगा, आम्ही इतके जण, इकडे चाललोय, या वेळेपर्यंत परत येऊ. लाल झेंडा असेल तर वाद घालायचा नाही. नदीवर लाइफगार्ड नसतात, म्हणून काठावर घरचं एक माणूस ठेवा ज्याला वेळ माहीत आहे आणि उशीर झाला तर कुणाला फोन करायचा ते माहीत आहे.

आणि कुणाला थंडी वाजायला लागली, मळमळलं, मूल गप्प गप्प झालं, तर तिथूनच परत. पैसे दिलेत म्हणून वेळ पुरी करायची नाही.

परत आल्यावर

सगळ्यांना भूक लागलेली असते, पाव-भाजी, रोस ऑम्लेट जे मिळेल ते खाऊदे, पण स्वतःची मोटर असेल तर एका माणसाने आधी पंधरा मिनिटं तिला द्यायची. मोटर, दांडा, क्लॅम्प, सगळं गोड्या पाण्याने सावकाश धुवा, जोरात फवारा नको, पाणी सीलमधून आत जातं. प्रोपेलर काढून मागे दोऱ्याचा तुकडा अडकलाय का बघा, तो सील कापतो. बॅटरीची टर्मिनलं ओल्या कपड्याने पुसून, मग कोरडी करून, पातळ व्हॅसलिन लावा, पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती आधी ब्रशने काढा. बॅटरी गरम असेल तर लगेच चार्जिंगला लावू नका, थंड होऊदे. लेड-ॲसिड असेल तर त्याच संध्याकाळी पूर्ण चार्ज करा, रिकामी ठेवली की पुढच्या वेळी निम्मीच चालते. लिथियम असेल आणि पावसाळाभर ठेवून द्यायची असेल तर अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून, वायरी काढून, कोरड्या जागी, आणि गणपती झाले की एकदा तपासून घ्या.